लंगर : सर्वांची एकच पंगत

भुकेल्याला अन्न द्यावे असे आपण सगळेच म्हणतो. पण बारा महिने, येईल त्याला जेवू घालणारी जागा तुम्ही पाहिली आहे का? आपल्या महाराष्ट्रात नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात अशी जागा आहे. तिला लंगर म्हणतात. तिची माहिती मी लिहीत आहे.

शीख लोकांच्या प्रार्थनेच्या जागेला गुरुद्वारा म्हणतात. तिथे सर्वांसाठी जे मोफत जेवण असते, ते लंगर. शिखांचे पहिले गुरू नानकदेव १४६९ साली जन्मले. त्यांची एक गोष्ट सांगतात. वडलांनी त्यांना व्यापारासाठी वीस रुपये दिले. वाटेत उपाशी साधू भेटले. नानकांनी त्या पैशांचे अन्न आणून त्यांना जेवू घातले, आणि हाच खरा सौदा असे सांगितले. तिसरे गुरू अमरदास यांनी नियम केला, की भेटायला येणाऱ्याने आधी पंगतीत जेवायचे. अकबर बादशहाही आधी जमिनीवर पंगतीत बसला, असे सांगतात.

दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडला गोदावरीकाठी वारले. तिथेच हजूर साहिब गुरुद्वारा आहे.

लंगरात जाताना चपला बाहेर काढायच्या, हातपाय धुवायचे आणि डोक्यावर रुमाल बांधायचा. मग सतरंजीवर रांगेत बसायचे. डाळ, रोटी, भाजी असे साधे जेवण असते. मांस नसते, म्हणजे कुणालाही चालते. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. ती भीक नाही, प्रसाद आहे. पाहिजे तेवढे घ्या, पण ताटात टाकू नका. तुझी जात कोणती, गाव कोणते, पैसे आहेत का, असे कोणी विचारत नाही.

एवढे काम कोण करते? लोक आपण होऊन करतात. त्याला सेवा म्हणतात. सेवेचे पैसे मिळत नाहीत. कामे अशी :

१) भाजी निवडणे, लसूण सोलणे.
२) कणीक मळणे, रोट्या लाटणे, भाजणे.
३) पंगतीत वाढणे, पाणी देणे.
४) खरकटी भांडी घासणे, जागा झाडणे.
५) जोडेघरात लोकांच्या चपला नीट ठेवणे.

लहान मुलेसुद्धा पाणी वाढतात. मोठे साहेबलोकही दुसऱ्याच्या चपला उचलतात. धान्य आणि पैसा लोकच देतात. कमाईचा दहावा भाग चांगल्या कामाला द्यावा, अशी शिखांची शिकवण आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की जो जेवला तोच उठून वाढायला लागतो. मग गरजू कोण अन् सेवक कोण, ते ओळखूच येत नाही. म्हणून जेवणाऱ्याला खाली मान घालावी लागत नाही. माझी आजी सांगते, पूर्वी गावजेवणात काही लोकांना लांब बसवायचे, वरून वाढायचे. त्यांचे पोट भरत असेल, पण मन भरत नसेल.

२०२० साली करोनामुळे टाळेबंदी झाली. गाड्या बंद झाल्या. मजूर लेकरंबाळं घेऊन पायी गावाकडे निघाले. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या लंगरात त्यांना जेवण मिळाले. हॉटेलं बंद होती, खिशात पैसा नव्हता. आपल्या गावचे लोकही दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. परक्या मुलखात भूक लागल्यावर कुणी “बसा, जेवा” म्हटले, तर केवढा आधार वाटतो!

आपल्याला एवढा मोठा लंगर चालवता येणार नाही. पण शाळेत खिचडीची पंगत बसते. तिथे आपण वाढू, धाकट्यांना पाणी देऊ, ताटात टाकणार नाही, आणि मधे कुणाला सोडून लांब बसणार नाही. गावच्या भंडाऱ्यातही पालकांनी एकच पंगत धरावी, ही विनंती.

सांगा पाहू :
१) लंगरात रोटी दोन्ही हातांनी का घेतात?
२) जोडेघरातले काम हलके आहे का?
३) तुम्ही कोणती सेवा कराल?

– इयत्ता चौथी