सकाळचे आखडलेले अंग

आवणीच्या दिवसांत कर्जत-खालापूरकडील आपले अनेक पालक दिवसभर भातखाचरात कमरेतून वाकलेले असतात. दुसऱ्या पहाटे कंबर लाकडासारखी ताठ होते, आणि उठताच पुन्हा वाकणेच वाट्याला येते. या दोहोंच्या मध्ये पंधरा मिनिटे काढावीत, एवढेच आम्ही सुचवितो.

रात्रभर आडवे असता मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. म्हणून उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकल्यास त्यांवर अधिक ताण येतो. उठल्याउठल्या पायांचे अंगठे धरण्याचा अट्टहास नकोच. अंथरुणातच घोटे फिरवावेत, एकेक गुडघा सावकाश दुमडून सरळ करावा. मग कुशीवर वळून हातांच्या आधाराने उठावे व अंगणात १० मिनिटे चालावे. सांध्यांतील वंगणासारखा द्रव हालचालीनेच पसरतो. पोटऱ्या, मांड्या, खांदे ताणावयाचे ते त्यानंतर. प्रत्येक ताण २० ते ३० सेकंद, झटका न देता, श्वास न कोंडता.

चालण्याचे महत्त्व आपणांस नवे नाही. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे ५ लाभ सांगितले आहेत. अल्प आजार हा त्यांपैकी एक. विनयपिटकात वैद्य जीवक भिक्खूंसाठी चंक्रमण आणि जंताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह, यांची अनुमती मागतो. आखडलेल्या सांध्यांना आजही चालणे आणि शेक हेच सांगितले जाते!

मात्र ताठरपणा रोज तासाहून अधिक टिकत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो आवणीचा शीण समजू नये. तो संधिवात असू शकतो. डॉक्टरांस लवकर दाखवावे. वेळीच औषध मिळाल्यास सांधे वाकडे होणे बहुधा टळते.