धंद्यात परदेशातला पैसा घेताय? आधी खर्च समजून घ्या

हॉटेलसाठी जागा हेरून ठेवली आहे आणि दुबईतला मावसभाऊ ४० लाख घालायला तयार आहे. किंवा मोरजीला कॅफे आहे आणि दर हिवाळ्यात येणारा परदेशी पाहुणा भागीदारी मागतोय. अशा वेळी ओळखीतलं कुणीतरी सांगतंच, "कागदोपत्री सगळं तुझ्याच नावावर ठेव, उगाच भानगड नको." परदेशी मालकीचे नियम पाळायला किती पैसे लागतात आणि ते चुकवले तर किती जातात, हे एकदा शेजारी शेजारी मांडलं की हा सल्ला किती घातक आहे ते कळतं. म्हणून हा हिशेब.

सगळ्यात आधी पासपोर्ट बघा. मावसभावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि नोकरीधंद्यासाठी तो तिकडे राहत असेल, तर तो अनिवासी भारतीय. पासपोर्ट अमेरिकेचा झालाय, पण ओसीआय कार्ड काढलंय, तर त्यालाही गुंतवणुकीत जवळपास तीच सवलत. पासपोर्ट परदेशी आणि कार्डही नाही, तर कायद्याच्या लेखी तो परदेशी, मग त्याचं सगळं लहानपण तुमच्या वाड्यात का गेलेलं असेना. पासपोर्ट आणि कार्ड, दोन्हींच्या प्रती मागून फाइलला लावा. पुढचा सगळा खर्च याच उत्तरावर ठरतो.

अनिवासी भारतीयाने किंवा ओसीआय कार्डधारकाने भांडवल थेट परदेशी परत नेण्याचा हक्क न ठेवता पैसा घातला, तर तो देशी गुंतवणुकीसारखाच धरला जातो. असा पैसा एकट्याच्या मालकीच्या दुकानात, भागीदारी संस्थेत आणि कंपनीतही चालतो. किराणा दुकानातसुद्धा चालतो. परकीय गुंतवणुकीचा फॉर्म भरावा लागत नाही. वगळलेले धंदे मात्र नीट लक्षात ठेवा: शेती आणि मळे, जमीन-घरांच्या खरेदीविक्रीचा धंदा, फार्महाऊस बांधणं, टीडीआरचे व्यवहार, निधी कंपनी. कोकणात आमराई घेऊन त्यात पर्यटकांसाठी खोल्या बांधायचा बेत अनेकांच्या मनात असतो. तिथे दुहेरी अडचण आहे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं.

या मार्गाने आलेल्या पैशाचं पुढे काय? भाऊ बाहेर पडला की त्याच्या हिश्श्याची रक्कम त्याच्या एनआरओ खात्यात जमा होते. कर भरून तिथून आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते. ४० लाखांच्या गुंतवणुकीला ही मर्यादा कधी आड येणार नाही. म्हणून मावसभावाचा पैसा घेताना शंभरातल्या नव्वद जणांनी हाच मार्ग धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशी मित्राचं प्रकरण वेगळं. त्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय तुमच्या भागीदारी संस्थेत येता येत नाही. खाजगी कंपनी काढून तिचे शेअर त्याला द्यावे लागतात, किंवा बऱ्याच धंद्यांत एलएलपी चालते. हॉटेल, रेस्टॉरंट, कारखाना, घाऊक व्यापार यांत १०० टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवल पूर्वपरवानगीशिवाय घेता येतं. अनेक ब्रँडचा किरकोळ व्यापार, म्हणजे तुमचं आमचं किराणा किंवा कापडाचं दुकान, इथे मर्यादा ५१ टक्क्यांची आहे, सरकारी परवानगी लागते आणि किमान १० कोटी डॉलर आणावे लागतात. लहान दुकानदाराच्या दृष्टीने हे दार बंदच आहे, आणि ते त्याच्याच संरक्षणासाठी बंद ठेवलेलं आहे. वृत्तपत्रात मर्यादा २६ टक्के. भागीदार चीनसारख्या सीमेला लागून असलेल्या देशाचा नागरिक असेल, तर एप्रिल २०२० पासून आधी सरकारची परवानगी लागते. इचलकरंजीत चिनी यंत्रांचा पुरवठादारच भागीदार व्हायला निघाला, तर गाडी इथेच थांबते.

आता खर्च. ४० लाखांचे शेअर परदेशी मित्राला द्यायचे आहेत असं धरू. शेअरवरचं मुद्रांक शुल्क ०.००५ टक्का, म्हणजे २०० रुपये. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे. नाही जमलं तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत एफसी-जीपीआर हा फॉर्म बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर भरायचा. रिझर्व्ह बँक त्याची फी घेत नाही. बँक स्वतःचा आकार लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी. शेअरची किंमत मूल्यांकनापेक्षा कमी ठेवता येत नाही. ते मूल्यांकन सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा सेबीकडे नोंदलेला मर्चंट बँकर करून देतो. कंपनी सेक्रेटरीचा दाखलाही लागतो. या दोघांची फी गावोगाव आणि माणसागणिक बदलते. तेव्हा दोन ठिकाणी विचारा आणि आकडा लेखी घ्या. त्यात मूल्यांकन, दाखला, फॉर्म आणि बँकेने त्रुटी काढून फॉर्म परत पाठवला तर तो पुन्हा भरणं, हे चारही धरलंय का ते विचारा. चौथ्याचे पैसे मागाहून वेगळे मागितले जातात.

या यादीत न दिसणारा खर्च विनिमय दराचा. बँकेने डॉलरमागे ५० पैसे कमी दिले, तर ५० हजार डॉलरवर २५ हजार रुपये गेले. सरकारी शुल्काच्या कितीतरी पट. पैसे निघण्याआधीच शाखेत बसून दर ठरवून घ्या. घासाघीस करता येते, बरेच जण करत नाहीत.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट बघा. पैसे पाठवताना 'कशासाठी' असा रकाना असतो. घाईत भाऊ त्यात कुटुंबाचा खर्च असं निवडतो, पैसे तुमच्या बचत खात्यात जमा होतात आणि तिथून तुम्ही कंपनीत वळवता. बँकेच्या नोंदीत ती गुंतवणूक नाहीच, घरखर्च आहे. पुढे भावाचा हिस्सा सिद्ध करायला हातात कागद उरत नाही. पैसे थेट कंपनीच्या खात्यात आणि 'शेअर भांडवल' याच कारणाने यायला हवेत. बँकेकडून रक्कम आल्याचा दाखला आणि पाठवणाऱ्याचा केवायसी अहवाल लगेच मागून घ्या.

फॉर्म राहून गेला, तरी तीन वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून सुटका होते. हिशेब असा: ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्का गुणिले उशिराची वर्षं. ४० लाखांना एक वर्ष उशीर झाला तर ८,५०० रुपये, तीन वर्षं झाला तर १०,५००. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीला दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए विवरण द्यावं लागतं. ते फुकट आहे, चुकलं तर ७,५०० रुपये. चुकलेल्याला मार्गावर यायला सरकारने एवढी स्वस्त वाट ठेवली आहे, आणि तरी लोक ती घेत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

आता 'तुझ्याच नावावर ठेव' याची किंमत. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं आणि फायदा पैसेवाल्याचा, अशी व्यवस्था बेनामी कायद्यात बसू शकते. १ नोव्हेंबर २०१६ पासून त्याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. मालमत्ता जप्त होते ती वेगळीच. शिक्षा नाव देणाऱ्यालाही आहे. परकीय चलन कायद्यात, म्हणजे फेमात, दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. ४० लाखांना १ कोटी २० लाख. तो ९० दिवसांत भरला नाही तर दिवाणी कैदेची तरतूद आहे.

आणि परदेशी मित्राच्या हाती काय? बेनामी मालमत्ता आपली आहे म्हणून त्याला कोर्टात दावा लावता येत नाही. भांडण झालं की त्याचा पैसा बुडतो. परवाना, जीएसटी, कामगारांची देणी मात्र तुमच्या नावावर राहतात. गोव्यात हे जास्त दिसतं, कारण पर्यटक व्हिसावर धंदा करता येत नाही आणि परदेशात राहणाऱ्या परदेशी माणसाला इथे जागा विकत घेता येत नाही. त्याच्यासाठी सरळ मार्ग आहे: बिझनेस व्हिसा, कंपनी, वरचा फॉर्म आणि जागा भाड्याने. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा त्याला स्वतःच्या नावावरही चालतो.

आधीच गफलत झाली असेल आणि तीन वर्षं उलटली असतील, तर रिझर्व्ह बँकेकडे तडजोडीचा अर्ज करायचा. २०२४ च्या नियमांप्रमाणे अर्जाची फी १०,००० रुपये, जीएसटी धरून ११,८००. निकाल १८० दिवसांत लागायला हवा, आणि ठरलेली रक्कम आदेशापासून १५ दिवसांत भरावी लागते. तेवढे पैसे बाजूला काढूनच अर्ज करा, कारण मुदत चुकली तर तडजोड झालीच नाही असं धरलं जातं. राहिलेले फॉर्म आधी भरायचे आणि मग अर्ज करायचा. अंमलबजावणी संचालनालयाची नोटीस येईपर्यंत थांबू नका. दोघांतला एक जण बाहेर पडायचं म्हणेल तेव्हा बँक पहिल्यांदा एफसी-जीपीआरची पोच मागेल, आणि बहुतेकांची चूक त्याच दिवशी उघडी पडते.