दुकानातला पोऱ्या दुकानदार कसा होईल?



आमच्या कापड दुकानातील एक होतकरू मुलगा काही वर्षांपूर्वी शहरातील एका मोठ्या दुकानात नोकरीसाठी मुलाखतीला गेला. आमच्याकडे त्याची अकरा वर्षे झाली होती. तेथे त्याला तीन प्रश्न विचारण्यात आले. महिन्यात कोणता माल किती खपतो? किती माल पडून राहतो? शंभर रुपयांच्या विक्रीत नफा किती सुटतो? त्याला एकाचेही उत्तर देता आले नाही. परत आल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, “चाचा, अकरा वर्षांत मी ताके उलगडायला आणि गुंडाळायलाच शिकलो.”

दोष त्याचा नव्हता, आमचा होता. खरेदीची बिले आणि वह्या आम्ही त्याच्यापासून दूर ठेवल्या. शिकला तर समोरच दुकान थाटेल, ही भीती मनात होती. आपल्या बाजारात ही भीती घरोघरी आहे आणि त्यामुळेच आपली मुले वयाच्या चाळिशीतही ‘पोऱ्या’च राहतात.

इमाम साहेबांचा धडा

हजरत इमाम अबू हनीफा (रह.) हे कूफा शहरातील रेशमी कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो. त्यांनी आपले भागीदार हफ्स यांच्याकडे माल सोपविला आणि त्यातील एका कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला सांगून मगच विका, अशी ताकीद दिली. हफ्स सांगायला विसरले आणि गिऱ्हाईक कोण होते हेही त्यांना आठवेना. इमाम साहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका करून टाकली.

दुकानातील माणसाची चूक मालकाने स्वतःच्या अंगावर घेतली. नेतृत्व म्हणतात ते हेच. आपण मात्र माप चुकले, डाग असलेला तुकडा गेला की चार गिऱ्हाइकांसमोर नोकरावर ओरडतो. आम्ही या प्रसंगावरून एक नियम केला आहे. दोष असलेल्या ताक्याला त्याच वेळी चिठ्ठी टाचायची. तोंडी सांगितलेले विसरले जाते, चिठ्ठी विसरत नाही.

शिकवणीच्या चार पायऱ्या

मोठ्या दुकानांत विक्रेता, गटप्रमुख, विभागप्रमुख, दुकान व्यवस्थापक अशा पायऱ्या ठरलेल्या असतात. नोकराला आपली पुढची पायरी दिसते. आपल्या लहान दुकानातही ती दिसली पाहिजे.

१) माल ओळखणे : पन्ना, वीण आणि रंग पाहायला शिकवावे. धागा जाळून दाखवावा. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची कडक गोळी बनते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले तो गिऱ्हाइकाला खोटे सांगणार नाही.

२) गिऱ्हाईक सांभाळणे : आधी ऐकावे, मग ताका काढावा. शिवायचे काय, कोणासाठी आणि किती बजेटमध्ये, हे विचारल्याशिवाय ढीग घालू नये.

३) खरेदी व नफा : येथेच आपली मुले कच्ची राहतात. ८० रुपयांचा माल १०० ला विकला तर खरेदीवर नफा २५ टक्के, पण विक्रीवर तो २० टक्केच होतो. म्हणून २५ टक्के चढविलेल्या मालावर २० टक्के सूट दिली की हाती काहीच उरत नाही. दुकानभाडे व पगार तर खिशातूनच जातात. ईदच्या गर्दीत सूट देणाऱ्या मुलाला एवढे गणित आलेच पाहिजे.

४) गल्ला व हिशेब : रोख, यूपीआय आणि उधारी यांचा मेळ रोज रात्री त्याच्याकडून घालून घ्यावा. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू आहे, तेव्हा बिल कसे करायचे हेही त्याला यावे. उधारी लिहून ठेवण्याचा आदेश तर सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. तो फक्त मालकासाठी नाही.

शिकून निघून गेला तर?

काही जण जातीलही. पण रोजी देणारा अल्लाह आहे, आपण नव्हे. शिकलेला माणूस दुकान सोडून गेला तर एक नोकर जातो. न शिकलेला माणूस दुकानात राहिला तर रोज गिऱ्हाइके जातात.

आमचा तो मुलगा आज आमच्यासोबत सुरतेला खरेदीस येतो. गेल्या खेपेस एका व्यापाऱ्याच्या ताक्याचा पन्ना बिलात लिहिल्यापेक्षा कमी असल्याचे त्यानेच पकडले. आमचे लक्षही नव्हते. उद्या त्याने स्वतःचे दुकान काढले तर पहिला माल आम्ही उधारीवर देऊ, आणि तो वहीत लिहूनच देऊ.

येत्या जुम्याच्या नमाजनंतर एक काम करावे. आपल्या दुकानातील सर्वांत जुन्या नोकराच्या हाती खरेदीचे एक बिल द्यावे आणि त्याला वाचायला सांगावे. त्याला वाचता आले नाही तर रागावू नये. शेजारी बसवून शिकवायला सुरुवात करावी.