आरोग्य साक्षरता : एका पाकिटाच्या निमित्ताने

साक्षरता म्हणजे लिहिता-वाचता येणे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु वाचलेल्याचा वेळेवर उपयोग करता आला नाही, तर त्या वाचण्याला काय अर्थ? आरोग्याच्या बाबतीत हा प्रश्न थेट जिवाशी येऊन भिडतो. प्रकृतीविषयीची माहिती मिळवणे, समजून घेणे, पारखणे आणि तिच्या आधारे निर्णय घेणे, या क्षमतेला ‘आरोग्य साक्षरता’ म्हणतात. १९७४ साली अमेरिकेतील स्कॉट सायमंड्स यांनी हा शब्द वापरला, तो शाळेच्या संदर्भातच. प्रत्येक इयत्तेसाठी आरोग्यशिक्षणाची किमान पातळी ठरवावी, अशी त्यांची मागणी होती.

पुढे २००० साली डॉन नटबीम या अभ्यासकाने या साक्षरतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या. त्या समजण्यासाठी जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, साधे पाकीट घेऊ.

पहिली पायरी वाचून कृती करण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार २०.५ ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात विरघळवायची असते. तीच भुकटी एका पेल्यात कालवली, तर मीठ-साखरेचे प्रमाण वाढून बाळाला अपाय होऊ शकतो. पाणी फार झाले, तर क्षार अपुरे पडतात. लहान पाकिटाचे प्रमाण वेगळे असते. म्हणून पाकिटावरचा आकडा वाचणे महत्त्वाचे. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे, हेही वाचूनच कळते.

दुसरी पायरी संवादाची. जुलाबावर मुलांना झिंकच्या गोळ्या देतात. जुलाब थांबले की गोळ्याही थांबवाव्यात, असे घरात सहज वाटते. पण त्या सांगितलेले दिवस पूर्ण द्यायच्या असतात. “गोळी किती दिवस? लघवी कमी झाली तर काय करू?” असे आशाताईंना किंवा डॉक्टरांना न संकोचता विचारता येणे, हीसुद्धा साक्षरताच होय.

तिसरी पायरी चिकित्सेची. दुकानात रंगीत खोक्यांतून गोड पेये मिळत, त्यांच्या नावात ‘ओआरएस’ ही अक्षरे असत. जास्त साखरेने आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. नाव वाचणारा फसतो. घटक वाचणारा सहसा फसत नाही.

सामान्य माणसाच्या हाती योग्य ज्ञान आले की काय घडते, याचा दाखला १९७१ सालचा आहे. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. द्रावण पाजणारे हात डॉक्टरांचे नव्हते, आप्तांचे होते.

आपल्या खेड्यापाड्यांत अनेक घरांत पहिला शिकणारा मुलगा किंवा मुलगी हीच घरातील वाचक असते. औषधाची चिठ्ठी, बाटलीवरची मुदत, लसीचे कार्ड, सारे तिच्यापुढे येते. शाळेत मात्र ती पचनसंस्थेची आकृती काढून गुण मिळवते. पाकीट वाचायला तिला कोणी शिकवीत नाही. गणिताच्या तासाला लिटर-ग्रॅमची उदाहरणे या पाकिटावरून का घालू नयेत?

अर्थात सारा भार मुलांवर टाकणेही योग्य नव्हे. पाकिटावरील सूचना ठळक आणि मराठीत छापणे हे उत्पादकाचे काम, आणि प्रश्न विचारणाऱ्या पोराला न झिडकारणे हे मोठ्यांचे. या तिन्ही बाजूंनी प्रयत्न झाले, तरच पुस्तकातील आरोग्य घरातल्या चुलीपर्यंत पोचेल, असे मला वाटते.