लहान इंजिनांचे उत्सर्जन मानांकन : तासांचा अर्थ

यंत्राच्या किमतीत त्याच्या धुराचा खर्च धरलेला नसतो. हा खर्च शेजारी, वाटसरू आणि मुख्यतः यंत्र चालवणारा मजूर सोसतो. हिरवळ कापण्याची यंत्रे, साखळी करवती, लहान जनित्रे यांच्या इंजिनांवर उत्सर्जनाची माहिती देणारी पट्टी लावण्याची अमेरिकेतील पद्धत याच प्रश्नातून आली. कॅलिफोर्नियाचे नियम १९९५ पासून, तर संघराज्याच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे १९९७ च्या मॉडेल वर्षापासून लागू झाले.

या पट्टीवरील तासांचा आकडा सर्वाधिक गैरसमज निर्माण करतो. २२५ सीसीपेक्षा लहान, जमिनीवर चालणाऱ्या यंत्रांच्या इंजिनांना ‘सी’, ‘बी’ आणि ‘ए’ अशा श्रेणी असून त्यांचा अर्थ अनुक्रमे १२५, २५० आणि ५०० तास असा होतो. हातात धरावयाच्या यंत्रांसाठी हेच आकडे ५०, १२५ आणि ३०० आहेत. ‘ए’ म्हणजे सर्वांत स्वच्छ, असे ग्राहक सहज समजतो. ते बरोबर नाही. उत्सर्जनाची मर्यादा किती तासांच्या वापरापर्यंत पाळली जाईल, एवढेच ही श्रेणी सांगते. तो इंजिनाच्या आयुष्याचा आकडा नव्हे आणि विक्रेत्याची हमीही नव्हे.

वर्षातून २५ आठवडे, दर आठवड्याला एक तास हिरवळ कापणाऱ्या कुटुंबाला १२५ तास पाच वर्षे पुरतात. रोज पाच तास तेच यंत्र चालवणाऱ्या मजुराचे १२५ तास २५ दिवसांत संपतात. हातातील यंत्र ५० तासांच्या श्रेणीचे असेल, तर अवघ्या दहा दिवसांत. त्यानंतर इंजिन बंद पडत नाही, ते चालतच राहते. मात्र धुराविषयी पट्टीने दिलेला शब्द तेथे संपलेला असतो. स्वस्त यंत्र घेणारा ठेकेदार आणि त्याचा धूर श्वासात घेणारा मजूर या दोन वेगळ्या व्यक्ती असल्यामुळे ही बाब खरेदीच्या हिशेबात येत नाही.

इंजिन किती स्वच्छ आहे हे जाणण्यासाठी कॅलिफोर्नियाचा ‘वायू निर्देशांक’ पाहावा लागतो. शून्य ते दहा या मापावर आकडा जितका लहान तितके प्रदूषण कमी. नियमांत बसणारी सर्व इंजिने सारखी नसतात, कारण उत्पादकाला अधिक स्वच्छ इंजिनांच्या बळावर काही कमी स्वच्छ इंजिने विकण्याची मुभा असते. निर्देशांक आणि तास एकत्र वाचल्याशिवाय तुलना पुरी होत नाही.

इंजिनाचा प्रकारही लक्षात घ्यावा. दोन-स्ट्रोक इंजिनात ताज्या इंधन-मिश्रणाचा काही भाग न जळताच धुराच्या वाटेने बाहेर पडतो. कार्बन मोनॉक्साइडचा धोका तर वेगळाच आहे. वर उल्लेखिलेल्या २२५ सीसीखालील वर्गात हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड यांची एकत्रित मर्यादा प्रति किलोवॉट-तास १० ग्रॅम, तर कार्बन मोनॉक्साइडची ६१० ग्रॅम आहे. साहजिकच मानांकन उत्तम असलेले इंजिनही बंद खोलीत प्राणघातक ठरते. २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर जनित्रांच्या धुरामुळे काहींना प्राण गमवावे लागले.

कॅलिफोर्नियाच्या वायू संसाधन मंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये बहुतेक नवी लहान इंजिने २०२४ च्या मॉडेल वर्षापासून शून्य-उत्सर्जन असावीत, असा निर्णय घेतला. जनित्रांना अधिक मुदत दिली. भारतात दुकानदाराच्या जनित्राबाबत हाच विषय येतो. येथे जनित्रांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेले सुधारित निकष १ जुलै २०२३ पासून लागू झाले. जुनी जनित्रे मात्र भाड्याने फिरत राहतात, आणि भाडे ठरवताना त्यांवरची पट्टी क्वचितच कोणी वाचतो.