जुने डीझेल एंजिन सुरू का होत नाही?

कोलकात्याच्या बेहाला भागात अँबॅसडर टॅक्सी वर्षानुवर्षे धावल्या. ही मोटार हुगळीकाठच्या उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असे. तिच्या डीझेल एंजिनात ठिणगी नसते; दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की, तीत फवारलेले तेल आपोआप पेटते.

असे एंजिन फिरूनही सुरू न झाल्यास प्रथम धूर पाहावा. धूर मुळीच नसेल, तर सिलिंडरात तेल पोचत नाही असे समजावे. बहुधा नळीत हवा शिरलेली असते. हवा दबते, त्यामुळे पंपाचा दाब वाया जातो. गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंपाने तेल चढवावे व बुडबुडे थांबताच तो आवळावा. पांढरा धूर निघाल्यास तेल पोचते, परंतु पेटत नाही. अशा वेळी ग्लो प्लग व सिलिंडरातील दाब तपासावा. एवढी परीक्षा होईपर्यंत एंजिन खोलू नये.