टपोरे बी पेरावे का?

पुढच्या पेरणीसाठी शेतकरी टपोरे दाणे निवडून ठेवतो. टपोऱ्या दाण्यांची संततीही टपोरीच निघेल, ही त्याची अपेक्षा असते. ती नेहमी खरी ठरते का?

डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ विल्हेल्म योहान्सेन यांनी हा प्रश्न घेवड्यावर प्रयोग करून सोडवला. घेवड्यात बहुधा स्वपरागण होते. त्यामुळे एकाच झाडापासून वाढवलेली संतती आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखी असते. अशा संततीला त्यांनी ‘शुद्ध वंश’ म्हटले. मिश्र बियाण्यातून त्यांनी असे 19 वंश वेगळे काढले. सर्वांत हलक्या वंशात दाण्याचे सरासरी वजन सुमारे 35 सेंटिग्रॅम, तर सर्वांत जड वंशात सुमारे 64 सेंटिग्रॅम भरले.

पण एका वंशातले दाणेही सारखे नव्हते. त्यांतले जड व हलके दाणे निवडून त्यांनी वेगवेगळे पेरले. अनेक पिढ्या हे चालले, तरी दोन्हींच्या संततीची सरासरी त्या वंशाच्या सरासरीइतकीच राहिली! यांतले पहिले निष्कर्ष 1903 साली प्रसिद्ध झाले.

याचे कारण काय? प्रयोगशाळेतला दोलक आठवा. त्याचा आवर्तकाल वीस वेळा मोजला, तर वाचने थोडीफार वेगळी येतात. त्यांतले सर्वांत मोठे वाचन निवडल्याने दोलकाची लांबी वाढत नाही. शुद्ध वंशातला फरकही तसाच. तो शेंगेतील जागा, ऊन, पाणी यांच्यामुळे पडलेला असतो; संततीकडे जात नाही.

मिश्र बियाण्याचे मात्र वेगळे. तेथे जड दाणे निवडताना आपण नकळत जड वंशच अधिक निवडतो. समजा, अशा बियाण्याची सरासरी 50 सेंटिग्रॅम आहे. त्यातून सरासरी 60 वजनाचे दाणे आपण निवडले आणि त्याच परिस्थितीत पेरले. संततीची सरासरी 53 आली. म्हणजे निवडीतला फरक 10 आणि पदरात पडलेली वाढ 3.

3 ÷ 10 = 0.3

या अंकाला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. हे प्रमाण ठाऊक असेल, तर निवडीचे फळ आधीच काढता येते:

वाढ = आनुवंशिकतेचे प्रमाण × निवडीतला फरक

येथे एक चूक टाळा. 0.3 याचा अर्थ ‘प्रत्येक दाण्याचे तीन दशांश वजन आनुवंशिक’ असा नव्हे. हा अंक एका समूहातील, एका परिस्थितीतील फरकांविषयी बोलतो. शुद्ध वंशात तो जवळजवळ शून्य असतो; पण म्हणून तेथे वजनावर आनुवंशिकतेचा प्रभावच नाही, असे कोण म्हणेल? तेथे फक्त आनुवंशिक फरक उरलेला नाही.

तसेच, एकाच शुद्ध वंशाचे बी काळ्या कसदार जमिनीत आणि मुरमाड माळावर पेरा. दोन्ही पिकांत मोठा फरक दिसेल आणि तो सारा जमिनीचा असेल. माणसांच्या दोन समूहांची तुलना करून ‘हे जन्मजातच असे’ म्हणणाऱ्यांनी हा माळ विसरू नये.

करून पाहा : घरातील राजम्याचे 50 दाणे एकेक करून शाळेच्या तराजूवर तोला आणि वजनांचा आलेख काढा. मग सांगा, नुसत्या आलेखावरून त्यातला आनुवंशिक भाग ओळखता येईल का?